दचकणारे पगारे

बँकेच्या द्वारका चौकातल्या शाखेत मी बदलून आले, त्या दिवशी सकाळी आत पाऊल टाकल्यावर पहिलं दृश्य पाहिलं ते असं : तक्रारींच्या काउंटरच्या आत एक गृहस्थ खुर्चीत बसलेले. दोन्ही हातांनी डोकं धरलेलं, डोळे विस्फारलेले, तोंड अर्धवट उघडं. बाहेर उभा असलेला माणूस काचेखालून त्यांच्याकडे पाण्याची बाटली सरकवत म्हणत होता, "घ्या, दोन घोट घ्या. होईल काहीतरी. एवढं मनाला लावून घेऊ नका."

मला वाटलं, बसलेल्या बिचाऱ्याचे पैसे गेलेत आणि उभा आहे तो आपला कर्मचारी. ग्राहकाला आत खुर्चीत बसवून स्वतः उभं राहणारी बँक मी आधी पाहिली नव्हती. मनात म्हटलं, शाखा चांगली मिळाली.

अर्ध्या तासाने कळलं की सगळं उलटं होतं. पैसे उभ्या माणसाचे गेले होते. डोकं धरून बसले होते ते आमचे पगारे सर.

पगारे सरांचं काम म्हणजे चुकलेले आणि हरवलेले पैसे शोधणं. कुणी घाईत एक आकडा चुकीचा दाबतो आणि बहिणीला पाठवलेले पैसे मालेगावच्या टायरवाल्याच्या खात्यात जाऊन बसतात. कुणाच्या खात्यातून रक्कम निघते, पण समोर पोचतच नाही, मध्येच कुठेतरी अडकते. असा माणूस बँकेत आला की आम्ही सगळे ठरलेलं एक वाक्य बोलतो, "थांबा थोडे दिवस, येतील." बोलताना मान वरही करत नाही. आम्हाला त्याची सवय झालेली असते.

पगारे सरांना ती सवय कधी लागलीच नाही. दिवसातून दहा जण तीच तक्रार घेऊन आले तरी ते दहाही वेळा दचकत. खरंखुरं दचकत. आधी "काय सांगता!" म्हणून उभे राहत. मग "बाप रे बाप रे बाप रे" करत हळूहळू खाली बसत. मग चष्मा काढून टेबलावर ठेवत, कारण अशा बातम्या त्यांना चष्मा घालून ऐकवत नसत. आणि मग आवाज एकदम मऊ करून म्हणत, "आता बसा. पहिल्यापासून सांगा. काही गाळू नका."

गंमत अशी की भांडायच्या तयारीने आलेला माणूस तोवर पार निवळलेला असे. ज्याचा आवाज दारापासून चढलेला असायचा, तोच पगारे सरांची समजूत काढायला लागायचा. "अहो, तेवढी मोठी रक्कम नाही हो," असं ग्राहक म्हणतोय आणि "मोठी नाही कशी? तुमचीच होती ना?" असं बँकेचा माणूस म्हणतोय, हा संवाद मी फक्त आमच्याच शाखेत ऐकला.

मला सुरुवातीला तो सगळा अभिनय वाटला. आमचे कॅशिअर बोरसे म्हणाले, "नाटक नाही मॅडम. आमच्याकडे डॉक्टरी पुरावा आहे." झालं होतं असं की बँकेत एकदा आरोग्य शिबिर भरलं होतं. पगारे सरांच्या दंडाला रक्तदाबाचा पट्टा बांधलेला आणि तेवढ्यात एक जण येऊन म्हणाला, माझी गॅसची सबसिडी दुसऱ्याच्याच खात्यात जातेय. डॉक्टरने काट्याकडे पाहिलं आणि पगारे सरांना तिथेच बाकावर आडवं केलं. सबसिडीवाला त्यांना वारा घालत बसला.

दुसऱ्या कशानेही मात्र हा माणूस हलत नसे. एटीएमच्या खोलीत साप निघाला तेव्हा आम्ही सगळे खुर्च्यांवर चढलो होतो. पगारे सर जाऊन बघून आले आणि म्हणाले, "धामण आहे. दार उघडं ठेवा, जाईल तिची ती." एकदा दुपारी भूकंपाचा हलकासा धक्का बसला. कपाटांची दारं खडखडली, आम्ही जिने उतरून रस्त्यावर पळालो. परत आलो तर पगारे सर जागेवरच. "हलत होतं जरा," ते म्हणाले, आणि लगेच आवाज चढवून, "पण मॅडम, इकडे बघा, ह्या ताईंचा पगार गेल्या महिन्यात आलाच नाही! बाप रे!" भूकंपाच्या धक्क्याने त्यांना धक्का बसला नव्हता.

पगार न आलेल्या लोकांसाठी त्यांचं एक खास वाक्य होतं. "पगारे आलाय ना, मग पगारही येईल." हा विनोद आपण केलाय हे त्यांना स्वतःला कधी कळलं असेल असं मला वाटत नाही. ते अतिशय गंभीरपणे बोलत.

आमचे मॅनेजर ह्या प्रकाराला कंटाळले होते. त्यांचं म्हणणं, पगारेंचा चेहरा पाहून ग्राहकाला वाटतं, बँकच बुडाली. त्यांनी सरांना केबिनमध्ये बोलावून सांगितलं, "हसतमुख राहायचं. काळजी करू नका, एवढंच म्हणायचं." पगारे सर आज्ञाधारक माणूस. दुसऱ्या दिवशी त्यांनी प्रामाणिक प्रयत्न केला. समोर आलेल्या बाईंची हकिकत ऐकताना त्यांनी खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले, दात दिसतील एवढं हसले, आणि डोळे तसेच वटारलेले ठेवून घोगऱ्या आवाजात म्हणाले, "काळजी... करू... नका." त्या बाई किंचाळल्या. मॅनेजरांनी हुकूम संध्याकाळच्या आत मागे घेतला.

पण पैसे परत आणण्यात ह्या दचकण्याचा भारी उपयोग व्हायचा. चुकून आलेले पैसे ज्याच्या खात्यात पडलेत, तो माणूस सहसा ते सोडत नाही. नियम सांगा, धमकी द्या, फोनच उचलत नाही. पगारे सर नियम सांगत नसत. ते त्याच्या बाजूने घाबरत. "अहो, तुमच्या खात्यात परक्याचे पैसे शिरले! तुम्हाला पत्तासुद्धा नाही? बाप रे! झोप लागते का तुम्हाला?" पलीकडच्याला तोवर उत्तम झोप लागत असायची. ह्या फोननंतर मात्र उडायची. सिन्नरच्या एका माणसाने तर आलेल्या पैशांचा फ्रिज घेऊन टाकला होता. सर फोनवर ओरडले, "फ्रिज घेतला! काय सांगता! दोन दारांचा?" त्या माणसाने हप्त्याहप्त्याने सगळे पैसे फेडले, आणि शेवटचा हप्ता दिला तेव्हा सरांना घरी सरबताला बोलावलं. त्याच फ्रिजमधल्या बर्फाचं.

बोरसे मला एकदा म्हणाले होते, "पण आधी असे नव्हते बरं का. मी वीसेक वर्षं बघतोय. आधी तोंडातून शब्द निघायचा नाही ह्यांच्या. शिक्का मारायचे आणि पुढचा." मी म्हटलं, मग झालं काय? बोरसेंनी नोटा मोजण्याच्या यंत्राकडे पाहिलं आणि म्हणाले, "वय झालं."

मग एक दिवस इगतपुरीहून सुमनआजी आल्या.

नऊवारी, हातात दोरीने बांधलेली छत्री, आणि रुमालात गुंडाळलेला मोबाइल. पगारे सर शिपायाला काहीतरी सांगायला आत गेले होते, म्हणून त्या माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

"तक्रार ल्ह्यून घ्या बाई. माझा रुपया भलत्या बाईला गेला."

"किती?"

"रुपया."

"एकच रुपया, आजी?"

"एकच. पन लय वाईट ठिकानी गेला."

बोरसेंनी तोंडावर हात धरला. मलाही हसू आवरेना. आजी रागाने म्हणाल्या, "हसा. आमच्याकडच्या बँकेतली पोरं बी हसली. गाडीत एक बाई म्हनली, द्वारकेला एक साहेब हाय, त्याला ऐकून झटका येतो. कुठं हाय तो?"

झटका येणारे साहेब मागेच उभे होते. "काय सांगता!" ते म्हणाले. "रुपया गेला? कुणाकडे?"

"रेश्माकडं."

"बाप रे बाप रे! कोण रेश्मा?"

"तेच तर इचारायला आले ना."

सरांनी चष्मा काढला. आजींना पुढ्यात बसवलं. पहिल्यापासून सांगा, काही गाळू नका. आजींनी काही गाळलं नाही.

त्यांचे यजमान रेल्वेत गँगमन होते. इगतपुरीच्या घाटात, पावसापाण्यात रूळ तपासत आयुष्य गेलं. मागच्या थंडीत वारले. नातीने आजींना मोबाइलवरून पैसे पाठवायला शिकवलं होतं. शिकताना आजींच्या लक्षात आलं की यजमानांच्या नंबरवर पैसे धाडले की खाली त्यांचं नाव येतं. स्वतःचं, बापाचं आणि आडनाव, अख्खं.

"साहेब, लग्नात उखान्यात घेतलं तेवढंच. त्यानंतर त्येंचं नाव तोंडानं कधी घेतलं नाय. आमच्यात घेत नाय. मग रोज सकाळी च्या झाला की एक रुपया धाडायचा आन नाव बघायचं. रुपया काय, त्येंच्याच खात्यात पडतोय."

माझ्यातल्या बँकवालीला इथे वेगळाच धक्का बसला. माणूस वारलाय, खातं चालू आहे आणि बँकेला पत्ता नाही! मी तोंड उघडणार तेवढ्यात पगारे सरांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी ते मिटलं.

"आन सोमवारी," आजी म्हणाल्या, "रुपया धाडला तर नाव आलं रेश्मा. मला कायी सुचंना. म्हनलं चुकलं आसंल. दुसऱ्या दिवशी पुन्हा धाडला. पुन्हा रेश्मा!" त्यांनी आवाज खाली आणला. "साहेब, एवढा संसार केला. मानूस साधा वाटला हो मला. आन आता मेल्यावर ही रेश्मा त्येंच्या नंबरावर येऊन बसलीय."

पगारे सर पुरते हादरले होते. त्यांचे ओठ हलत होते, पण आवाज येत नव्हता. शेवटी मीच विचारलं, "आजी, तुम्ही त्या नंबरवर फोन लावून नाही पाहिला?"

आजींनी माझ्याकडे पाहिलं. "त्येंच्या नंबरावर?" त्या म्हणाल्या. "आन कुनी उचलला म्हंजे?"

बोरसेंनी तोंडावरचा हात काढला.

फोन पगारे सरांनी लावला, सगळ्यांना ऐकू येईल असा. दोनदा वाजला. आजींनी खुर्चीची कड धरली.

"हालो? कोन बोलतंय?" बाईचा आवाज. मागे जीपवाल्यांची ओरड आणि स्टोव्हची फरफर.

"मी बँकेतून पगारे. आपण रेश्मा का?"

"हां. सुरगान्यातून. काय झालं?"

"हा नंबर आपल्याकडे कधीपासून आहे, ताई?"

"नवाच हाय. जुनं शिम भाताच्या आवनीच्या चिखलात पडलं. मंग इथं ष्ट्यांडवरच्या दुकानातून हे घेतलं. मी च्याचं हाटेल चालवते. का हो?"

"तुम्हाला एकेक रुपया आला का?"

पलीकडे स्टोव्ह बंद झाला. मग एकदम मोठा आवाज. "तुम्हीच का ते रुपयावाले! मी हात नाय लावला त्याला! पहिला रुपया धाडता, मंग सगळं काढून नेता. आमच्या मास्तरांनी सांगितलंय. मी फोन डब्यात ठेवला होता दोन दिवस!"

"डब्यात!" सर ओरडले. "बाप रे! कुठल्या डब्यात?"

"नागलीच्या पिठाच्या!"

सरांनी तिला शांत केलं, म्हणजे तिच्यापेक्षा जास्त घाबरून दाखवलं, आणि मग सगळी हकिकत सांगितली. नंबर आधी कुणाचा होता, रुपया कोण धाडतं, कशासाठी. रेश्मा ऐकत होती. मग घाबऱ्या आवाजात म्हणाली, "म्हंजे वारलेल्या मानसाचा नंबर दिला मला?"

आजींनी सरांच्या हातातून फोन ओढून घेतला.

"ए पोरी. तू आमच्या ह्येंना वळखत व्हतीस का?"

"नाय वो आजी! मी कशाला वळखू? मी आमचा डोंगर सोडून कुठं जात नाय."

"खरं सांग."

"माझ्या पोराची शपथ."

आजींनी जो श्वास सोडला तो आख्ख्या शाखेने ऐकला. "मंग घाबरू नको," त्या म्हणाल्या. "चांगला मानूस व्हता. रेल्वेत व्हता. कुनाला कधी शिवी दिली नाय. नंबर वापर तू."

"आजी, तुमचे रुपये परत धाडू का?"

"ऱ्हाऊ दे. पोराला गोळ्या घे."

फोन ठेवल्यावर पगारे सरांनी चष्मा लावला आणि कोर्टात निकाल द्यावा तसं सांगितलं, "चौकशी पूर्ण झाली, आजी. साहेबांवर कसलाही ठपका नाही." बोरसे ह्या वेळी उघड हसले, आणि आजीही हसल्या. मला वाटलं, प्रकरण मिटलं.

आजी उठल्या नाहीत. मोबाइल रुमालात गुंडाळला, पुन्हा सोडला. मग म्हणाल्या, "ते झालं साहेब. पन त्येंचं नाव कुठं गेलं?"

मी समजवायला लागले. की बंद पडलेला नंबर कंपनी दुसऱ्याला देते, मग तो नवीन माणसाच्या खात्याला जोडला जातो, मग जुनं नाव... पगारे सरांनी हात वर करून मला थांबवलं. काही हरवल्याचं ऐकूनही पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर दचकल्याची खूण नव्हती. ते काउंटरच्या बाहेर आले, एक खुर्ची ओढली आणि आजींच्या शेजारी बसले.

"काय नाव होतं, आजी?"

आजींनी पदर ओठांवर धरला. "ल्ह्यून देऊ?"

"नको. मला ऐकायचंय."

आजींनी इकडेतिकडे पाहिलं. पासबुक भरायला आलेली चार माणसं, बोरसे, मी. मग जमिनीकडे बघत, अगदी हळू, म्हणाल्या, "त्र्यंबक."

सरांनी कान पुढे केला.

"त्र्यंबक नारायण जाधव," आजी म्हणाल्या. ह्या वेळी जरा मोठ्याने.

"त्र्यंबक नारायण जाधव," पगारे सरांनी स्पष्ट उच्चारलं. "खणखणीत नाव आहे."

"हाय ना?" आजींचा चेहरा नव्या नवरीसारखा लाल झाला. "काय बाई, बँकेत नाव घेतलं मी!" असं म्हणून त्या हसायला लागल्या आणि हसता हसता त्यांचे डोळे वाहायला लागले. पासबुकवाल्यांपैकी एकाने मान फिरवली. पगारे सर नुसते बसून राहिले. पाणी आणायला, समजूत काढायला, कशालाच उठले नाहीत.

खात्याचे कागद वगैरे पुढच्या आठवड्यात रीतसर झाले. नात सोबत आली होती. तिने सांगितलं, आजी आता घरात नाव घेते, मोठ्याने घेते, आणि सुरगाण्याच्या कुणा बाईशी फोनवर तासभर बोलते.

पण मला सांगायचंय ते त्याच दुपारचं. आजींना स्टेशनच्या रिक्षात बसवून पगारे सर परत आले. जेवणाची सुट्टी होती. आम्ही द्वारकेच्या पुलाखालच्या टपरीवर चहाला गेलो. मी विचारायला नको होतं कदाचित, पण विचारलं. "सर, तुम्हाला खरंच दर वेळी एवढा धक्का बसतो?"

त्यांनी चहावरची साय बोटाने बाजूला केली.

"आमची मंडळी दुसऱ्या लाटेत गेली, मॅडम," ते म्हणाले. "कोरोनाच्या. धडधाकट बाई. ताप आला त्या दिवशी सकाळी माझ्याशी भांडली होती, भाजीत मीठ कमी म्हटलं म्हणून. आठवड्याच्या आत संपलं. मी सगळ्यांना फोन केले. मेहुण्याला केला. तो म्हणाला, दाजी, आमच्या गल्लीत कालच तिघं गेली. साहेबांना केला. ते म्हणाले, पगारे, स्वतःला जपा, तुम्हाला ताप नाही ना? शेजारी, भाऊबंद, सगळ्यांना कळवलं. सगळे चांगलं बोलले हो. कुणी एक शब्द वाईट बोललं नाही." त्यांनी चष्मा काढला. "पण कुणी दचकलं नाही."

शेजारून एक एसटी गेली.

"त्यांची तरी काय चूक? रोज तेच ऐकत होते. पण मला आत असं वाटत होतं की एक, एक तरी माणूस म्हणेल, काय सांगता! असं कसं झालं? कुणी नाही म्हणालं. मग मी कामावर आलो. पहिल्याच दिवशी एक म्हातारे आले, म्हणाले, माझी पेन्शन गेली. आणि माझंच काळीज लक्कन हललं. तेव्हापासून तसंच होतं. मी मुद्दाम नाही करत."

माझ्या हातातला ग्लास गार झाला होता. जे बोलायला हवं होतं ते बोलायला फार उशीर झाला होता, आणि ह्या माणसाला खोटा शब्द लगेच कळला असता. मी जे मनापासून विचारावंसं वाटलं ते विचारलं.

"काकू कशा होत्या, सर?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ग्लास टपरीच्या फळीवर ठेवला.

मग ते बोलायला लागले. ती कॅरम कशी खेळायची, हरायला आली की सोंगट्या कशा उधळायची. गाण्याचे शब्द चुकीचे म्हणायची आणि हेच बरोबर आहेत म्हणून भांडायची. भाजीवालीशी दारात वाद घालून मग तिलाच चहाला बसवायची. आणखी पुष्कळ काही. द्वारकेच्या चौकात ट्रक, रिक्षा, एसट्या एकमेकांच्या अंगावर हॉर्न वाजवत होत्या आणि त्यांच्या बोलण्यातलं निम्मं मला ऐकूच आलं नाही. मी त्यांना पुन्हा सांगा म्हटलं नाही, थांबवलंही नाही. सुट्टी संपून गेली होती. मॅनेजरांचा फोन दोनदा येऊन गेला. टपरीवाल्याने न सांगता आमचे ग्लास पुन्हा भरले, आणि पगारे सर बोलत राहिले.